गाडी गप्प करणारे मालक

जगात माणूस मोटारगाडी घेतो ती चार लोकांनी पाहावी म्हणून. पौडला मी शाळामास्तर असताना ज्यांच्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो, ते माझे घरमालक हे असे एकच गृहस्थ मी पाहिले, की ज्यांनी गाडी घेतली आणि पुढचं अख्खं वर्ष तिला गप्प करण्यात घालवलं. ती किती पळते, किती पेट्रोल पिते, चढाला दम टाकते का, याची त्यांना फिकीर नव्हती. वेळ आली असती तर त्यांनी तिला बैल जुंपले असते. गाडीने बोलू नये एवढीच त्यांची अपेक्षा होती, आणि तेवढंच त्या गाडीला जमत नव्हतं.

गाडी लढाईच्या आधीची, पुण्याच्या एका ठेकेदाराने वापरून झिजवलेली. ती पिरंगुटच्या घाटाला लागली की पौडला चहाचं आधण ठेवावं, आणि चहा निवायच्या आत ती दारात यावी, असा तिचा गाजावाजा होता. मालकांनी तिच्या एकेका आवाजाला नाव ठेवलं होतं. पुढची दोन दारं म्हणजे जावा, एक बोलली की दुसरी गप्प बसायची नाही. टप म्हणजे आत्याबाई, कारण नसताना कण्हणारी. पायाखालचा पत्रा म्हणजे सावकाराचा कारकून, सारखा दार ठोठावणारा. गाडी चालू असताना ते मला शेजारी बसवत आणि "हितं कान लावा गुरुजी" म्हणून माझं डोकं दाराला टेकवत. पौड ते घोटवडे एवढ्या रस्त्यात माझ्या कानशिलाला दाराच्या खिट्टीचा शिक्का उठत असे.

मालक चाळिशीचे, अंगाने भक्कम. त्यांची भाताची गिरण होती. दिवसभर तिथे उभे राहून त्यांच्या भुवया तुसाने पांढऱ्या होत आणि अंगाला आंबेमोहोराचा वास लागलेला असे. गिरणीच्या घरघरीत वीस वर्षं काढल्यामुळे त्यांच्या कानांना मोठं तेवढं ऐकू यायचं, बारीक सगळं चाळणीतून गळून जायचं. आणि नेमकं त्यांच्या घरात बायकांना बारीकच बोलायची रीत होती. चार भावांचं कुटुंब, घर माणसांनी खचाखच, आणि ओसरीवर बाजेवर त्यांचे वडील आबा. आबांच्या कानाला चुकवून त्या घरात उंदीरसुद्धा इकडचा तिकडे जात नसे. त्यांच्यासमोर सुनांनी आवाज काढायचा नाही हा कायदा. सगळ्या सुना कुजबुजत, आणि मालकांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, थोरल्या सून असल्यामुळे सगळ्यांत कमी कुजबुजत.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं, की गाडी गप्प करून तुम्हाला मिळणार काय आहे. ते गिरणीत पोत्यावर बसले होते. पट्टा नुकताच थांबला होता.

"गुरुजी, अठरा वर्सं झाली लग्नाला," ते म्हणाले, "पण हिचा आवाज कसा हाय ते मला धड ठावं न्हाई. घरात ही कुजबुजती, ते मला ऐकाय येत न्हाई. म्हनून गाडी घेतली. तर गाडीत बसवली की गाडीच बोलती."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही, म्हणून मी ते गिळलं.

त्यांचा बेत असा होता. वहिनींचं माहेर कासारसाई. दर चैत्रात तिकडच्या जत्रेला त्यांचा भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला येई. या खेपेला मालकांनी निरोप धाडला होता, की गाडी जुंपू नका, मीच आणून सोडतो. म्हणजे घोटवड्यावरून कासारसाईपर्यंतचा रस्ता, आणि गाडीत दोघंच. तोवर गाडी गप्प झाली पाहिजे. नाही झाली तर पुढचा चैत्र, आणि दोघंच असण्याची दुसरी सबब त्या घरात वर्षभर सापडणार नव्हती.

मग आवाज दाबायला गाडीत कुठला माल भरायचा ते निवडण्याचं काम सुरू झालं. त्यांची परीक्षेची पद्धत पाहून मला विद्यापीठाची कीव आली. रविवारी गिरण बंद असे. मागच्या खळ्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात माझं गजराचं घड्याळ ठेवायचं, डब्याभोवती परीक्षेला बसलेला माल गुंडाळायचा, गजर वाजायला लागला की मी डब्याकडे तोंड ठेवून मागे मागे जायचं आणि आवाज यायचा थांबला की हात वर करायचा. जितकी कमी पावलं तितका माल चांगला. मालकांचे कान गिरणीने नेलेले, म्हणून कान माझे. "तुमचं कान पुण्याचं, कोरं हायेत," असं ते मोठ्या आदराने म्हणत. पण गजर अर्ध्या मिनिटात संपायचा, त्यामुळे मला ही पावलं उलटी पळत टाकावी लागत. दोनदा मी तुसाच्या ढिगात बसलो. गोधडी चाळीस पावलं. आबांचं घोंगडं सव्वीस. माझा लोकरी कोट, जो मी आंघोळीला गेलो असताना खुंटीवरून गेला, एकोणतीस. एका रविवारी त्यांनी शाळेतला कापडी नकाशा आणवला, आणि आपला भारत देश बत्तीस पावलांचा निघाला.

पावलांच्या वहीत जे पास होई ते गाडीत जाई. पहिला मान भाताच्या पेंढ्याला मिळाला, कारण तो घरचा. टपाच्या आत तागाचं कापड ताणून मध्ये त्यांनी पेंढा ठासून भरला. घोटवड्याच्या बाजारात गाडी उभी करून आम्ही चहा पिऊन आलो, तर एका बैलाने खिडकीतून मान आत घातलेली आणि अर्धं छत त्याच्या तोंडात. बैलवाल्याने माफी मागायच्या ऐवजी विचारलं, "मालक, ही गाडी काय खायाची हाय व्हय?" मग पिंजाऱ्याकडचा कापूस दारात गेला. तो बरा होता, पण त्यात सरकी राहिली होती आणि पावसाळ्यात काचेच्या फटीतून पाणी झिरपत होतं. श्रावणात एका जावेच्या, म्हणजे पुढच्या दाराच्या, कडेला दोन हिरवी पानं दिसली. मालकांनी ती उपटली नाहीत, आठ दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली.

शेवटी पुण्याला जाऊन त्यांनी टांग्याच्या घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून नमदा आणला, खोगिराखाली घालतात तो दाबलेल्या लोकरीचा जाड थर. अकरा पावलं. मी हात वर केला तेव्हा मालक खळ्यावर खाली बसले, इतका त्यांना आनंद झाला. चार दिवस खपून त्यांनी सगळ्या गाडीला आतून नमदा लावला. मग आम्ही निघालो, आणि गाडी पहिल्यासारखीच बोलत होती, फक्त पदर तोंडावर घेऊन.

या कोड्याने त्यांची झोप गेली. डब्यात अकरा पावलांवर मरणारा आवाज गाडीत का मरत नाही? ते जेवताना ताटाकडे बघत बसत. माघ लागला होता.

त्याचा उलगडा झाला तेव्हा मी तिथेच होतो, कारण त्या दिवशी सणाचं जेवण मला त्यांच्याकडे होतं. आत वाढत असताना वहिनींच्या हातून पितळेची परात फरशीवर पडली आणि गोल फिरत खणखणत राहिली. ओसरीवरून आबा ओरडले, "कुनी पाडलं गं?" वहिनी वाकल्या आणि त्यांनी परातीच्या काठावर नुसता तळवा ठेवला. आवाज तिथल्या तिथे तुटला. मालकांचा घास हातात राहिला. वहिनी काहीतरी पुटपुटल्या.

"काय?" मालक म्हणाले.

वहिनी पुन्हा पुटपुटल्या.

"काय म्हनतीस?"

शेवटी मलाच दुभाष्या व्हावं लागलं. "त्या म्हणतायत, हात लावला की गप बसतंय ते," मी मोठ्याने सांगितलं.

मालक उठले. त्यांनी परात उचलली आणि पुन्हा पाडली. मग घोंगडं आणून तिच्यावर पसरलं आणि काठीने ठोकली, ती घोंगड्याखाली खणखणली. मग घोंगडं काढून ठोकली आणि एक बोट टेकवलं, ती थांबली. हे त्यांनी इतक्यांदा केलं की ओसरीवरून प्रश्न आला, "आज भांडी घासताय का वाजवताय?" मालकांना कसली शुद्ध नव्हती. "गुरुजी," ते म्हणाले, "आमी वरीसभर आवाजाला पांगरूण घालत बसलो. पत्रा हलतो म्हनून बोलतो. त्याला झाकायचा न्हाई, धरायचा." आणि मग वहिनींकडे वळून, आबा ऐकत आहेत हे विसरून, ते म्हणाले, "तू आदी का न्हाई सांगितलंस?" वहिनींनी काय उत्तर दिलं ते या खेपेला मलाही ऐकू आलं नाही, पण त्या हसत होत्या.

पत्र्याला धरून ठेवणारी वस्तू म्हणजे जड पाहिजे आणि चिकट पाहिजे. ती रस्त्यावरच होती. खाली पुण्याकडच्या रस्त्याला तेव्हा डांबर पडत होतं, आणि तिथल्या मुकादमाला आंबेमोहोर आवडत होता. डांबराचं अर्धं पिंप गिरणीमागे आलं. नुसतं डांबर उन्हात ओघळलं, तेव्हा मालकांनी त्यात तुसाची राख घातली. किती घालायची याचा अंदाज त्यांना येईना. वहिनी लांबून बघत होत्या. त्यांनी पदराआडून दोन बोटं हलवली, अजून. मग अजून. कढईतलं काळं पीठ पळीवरून गोळ्याने पडायला लागलं तेव्हा त्यांनी हात आडवा केला. ते पीठ पत्र्यावर थापून त्यात गोणपाट दाबलं आणि त्यावर नमदा चढवला. पाडव्याच्या दिवशी मालकांनी दार लावून दाखवलं. पूर्वी खण्ण व्हायचं ते आता धप्प झालं, तांदळाचं पोतं टेकवल्यासारखं. आम्ही शेतवाडीपर्यंत जाऊन आलो. मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मालकांना ती येत नव्हती, पण मी खोकलो ते त्यांना ऐकू आलं आणि त्यांनी गाडी थांबवून माझ्या पाठीवर हात फिरवला.

जत्रेच्या दिवशी जे मला आधीच सुचायला हवं होतं तेच झालं. गाडी चांगली झालीय म्हटल्यावर सगळं घर बसायला निघालं. तिघी जावा, त्यांचे नवरे, आणि सगळ्यांच्या पुढे काठी टेकत आबा. "मी फुडं बसतो," ते म्हणाले. वहिनी पिशवी घेऊन मागच्या दाराशी उभ्या राहिल्या. मालकांचा चेहरा तुसासारखा पांढरा पडला, पण आबांना नाही म्हणणारा त्या घरात अजून जन्माला यायचा होता. आबा बसले. मालकांनी दार लावलं, धप्प. काच वर केली.

आबांचं तोंड हललेलं आम्हाला बाहेरून दिसलं. मग ते थांबलं. त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. गावात काय चाललंय, गोठ्यात कोण आहे, चुलीपाशी कोण बोलतंय, आयुष्यभर कानाशी असलेलं सगळं कुणीतरी एकदम काढून घेतलं होतं. ते काठीने काच ठोकायला लागले. मालकांनी धावत दार उघडलं.

"भाताच्या कनगीत घालून वरनं झाकन लिंपल्यावानी वाटतंय रं," आबा उतरता उतरता म्हणाले. "मानूस मेला का जित्ता ते कळायचं न्हाई ह्यात. कुनी बसू नका. तुमीबी बसू नका, सूनबाई."

"मला भ्या न्हाई वाटत, मामंजी," वहिनी म्हणाल्या.

ती कुजबुज नव्हती. मोठ्याने म्हणता येईल इतकी ती मोठी नव्हती, पण ओसरीपर्यंत सगळ्यांना ऐकू आली. आबांनी मालकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "जा मंग," ते म्हणाले. जावांना डांबराच्या वासाने आधीच मळमळत होतं. गाडी निघाली, आणि वळणावर दिसेनाशी झाली तरी घरातल्यांना ती गेल्याचं कळेना.

मालक दुसऱ्या दिवशी एकटेच परत आले. मी शाळा लवकर सोडून गिरणीवर जाऊन बसलो होतो.

"मग?" मी विचारलं.

"आवाज मोठा हाय तिचा," ते म्हणाले. "लई मोठा."

"काय बोललात?"

"गाडीतलं गाडीत, गुरुजी."

आठ दिवस मी त्यांच्या मागे होतो. गोड बोललो, घड्याळ परत मागीन म्हणालो, माझ्या कानांचे उपकार काढले. त्यांनी पट्टा चालू केला आणि मला काही ऐकू येत नाही असं खुणेने सांगितलं. जत्रा आटोपून वहिनी आल्यावर मी त्यांच्याकडेही खडा टाकून पाहिला. "च्या घ्या गुरुजी," त्या दाराआडून पुटपुटल्या.

पुढे माझी बदली झाली. गेल्या पौषात कामाने तिकडे गेलो तेव्हा संध्याकाळी घराकडे वळलो. आबांची बाज रिकामी होती. भावांची मुलं मोठी झाली होती, रेडिओ चालू होता, घर पूर्वीपेक्षा भरलेलं होतं. गाडीचं इंजिन कधीच गेलं होतं, एका पुतणसुनेने सांगितलं, पण ती गिरणीमागे उभी आहे आणि थोरले मामंजी आणि थोरल्या सासूबाई तिथेच आहेत.

गाडीची चाकं जमिनीत रुतली होती. पुढच्या बाकावर दोघं बसले होते, काचा वर, दारं लावलेली. वहिनींचे केस पिकले होते. त्या काहीतरी सांगत होत्या, दोन्ही हातांनी, तोंड भरून, आणि मालक मान मागे टाकून हसत होते. मी दहा पावलांवर उभा होतो आणि मला गाडीतलं अक्षर ऐकू येत नव्हतं. मी आणखी थोडा पुढे गेलो. तरीही नाही.

"आता न्हाई उतरायचे ते एवढ्यात," मागून पुतणसून म्हणाली. "रोज दिवेलागनीला बसत्यात. तुमी ओट्यावर टेका, मी च्या टाकते."

मी टेकलो. गारठा पडत चालला होता आणि काचांवर आतून वाफ धरत होती. आधी मालकांचा चेहरा गेला, मग वहिनींचे हात.