ह्यांच्या डोक्याला चुंबक

बीडच्या डॉक्टरनं माझ्या नवऱ्याच्या डोक्याला चुंबक लावायचं ठरवलं, तेव्हाच माझा संशय जागा झाला. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, पण ह्यांची झोप काही परत आली नव्हती. गोळ्या झाल्या, काढे झाले. आता म्हणे मेंदूचा एक भाग जागाच राहतो, त्याला बाहेरून ठोके देऊन शांत करायचं. नक्की गुण येईल असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगेना. करून बघू, म्हणाला. करून बघायला माझाच नवरा सापडला का?

खुर्चीत बसवून टाळूजवळ चकतीसारखं काहीतरी धरायचे आणि ते टकटक वाजायचं. मी दारातून डोळ्यांत तेल घालून बघायची. आठवणीला धक्का लागत नाही, असं डॉक्टर सांगायचा. माझा कशाला विश्वास बसतोय! झोप देता देता माणूसच पुसून टाकला तर मी कुणाकडे दाद मागू? म्हणून परतीच्या एसटीत मी रोज ह्यांची परीक्षा घ्यायची. आपली पहिली म्हैस कोणत्या बाजारातून आणली? लग्नात माझा भाऊ कशावरून रुसला? हे चिडायचे, पण उत्तर बरोबर द्यायचे.

दहाव्या दिवसापासून हे झोपायला लागले. चांगले घोरायचे. माझा संशय उलट वाढला. इतक्या दिवसांचं जागरण एकाएकी गेलं कुठं?

शेवटच्या दिवशी मी मुद्दाम अवघड विचारलं. हे गावच्या दूध सोसायटीचे सचिव. दुष्काळात माझ्या चुलत जावेचं दूध ह्यांनी आठवडाभर परत पाठवलं होतं, पाणी घातलंय म्हणून. शेवटी गाय विकून ती ऊसतोडीला गेली, ती गावात परत आलीच नाही. ते आठवतं का, म्हटलं.

हे म्हणाले, "आठवतंय की. दूध चांगलं व्हतं. चेअरमननं सांगितलं, तिचं घेऊ नको. सभेत तिनं त्याच्या विरोधात हात वर केलता."

"मंग मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू इचारलंच न्हाई."

खरंच नव्हतं विचारलं. एवढी संशयी मी, पण ह्यांच्या शब्दावर डोळे झाकून भरवसा ठेवला. आणि टँकरच्या रांगेत साऱ्या बायकांसमोर मीच त्या जावेला म्हणाले होते, घागर कशाला भरतीस बाई, दुधातच घालणार ना.