फळ्यावरची खालची ओळ

ताईचा फोन आला तेव्हा मी मोबाईलवर हवामान बघत होतो. शनिवार-रविवार ढगाळ, गार वारा, तुरळक ठिकाणी हलक्या सरी. ऐन फाल्गुनात पंखा बंद करून चादर ओढावी अशी हवा होती, आणि हे 'तुरळक ठिकाणी' म्हणजे नेमकं कुठं ते हे लोक कधी सांगणार नाहीत, असं मी मनाशी म्हणत होतो. ताई म्हणाली, "विनू, हे गेले रे. सकाळी दाढीला पाणी मागितलं अन्... गेले." मी विचारलं, "डॉक्टरनं पाहिलं का? कोणत्या डॉक्टरनं?" नवरा गेल्याचं बहीण सांगते आणि भाऊ डॉक्टरची चौकशी करतो! पण माझा स्वभावच तसा. दूधवाल्याचं माप, वाण्याचा तराजू, बायकोचं "काही नाही हो", सगळं मी एकदा तपासून घेतो. भाऊजी म्हणूनच मला 'इन्स्पेक्टर' म्हणायचे. त्यांना जाऊन आता सहा आठवडे झाले. एवढ्या दिवसांत त्यांच्या आठवणी पुष्कळ आल्या, पण प्रत्येक आठवण शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबायची. मी त्यांच्याविरुद्ध एक निनावी अर्ज केला होता. तो मी केला, हे त्यांना माहीत होतं की नव्हतं?

मनोहर भाऊजी आमच्या गावच्या कचेरीत कारकून. गाव म्हणजे केळापूर सोडून मुकुटबनच्या बाजूला लागणारं, कापसाच्या बाजारापुरतं मोठं. मी तिथल्याच शाळेत मास्तर. कचेरीच्या आवारात पाऊस मोजायचं भांडं होतं. ते रोज सकाळी साडेआठला बघायचं आणि फोनवरून आलेला हवामानाचा अंदाज दाराशेजारच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहायचा, ही दोन कामं कुणालाच नको होती म्हणून भाऊजींच्या गळ्यात पडली. त्यांनी ती देवपूजेसारखी धरली. अंदाज यायचा अख्ख्या विदर्भाचा, आणि त्यातल्या 'तुरळक ठिकाणी'वर त्यांचा भारी राग. "तुरळक ठिकाणी म्हणजे कुठं? आपल्या कापसावर का शेजाऱ्याच्या?" असं कचेरीत मोठ्यानं विचारायचे. मग आलेल्या मजकुराखाली ते स्वतःची एक ओळ घालू लागले. 'शनिवारी दुपारून वारा, संध्याकाळी भुरभुर. कापूस झाका.' एवढीच. हळूहळू लोक वरचा मजकूर वाचेनासे झाले. सायकल थांबवायची नाही, नुसती हळू करायची, खालची ओळ बघायची आणि पुढं जायचं. ज्यांना वाचता येत नसे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत, "खालती काय लिवलं हाय?"

ती वर्षं वाईट होती. कापसाचा भाव पडलेला, पिशवीवर एक बियाणं आणि आत भलतंच, फवारणीच्या औषधात पाणी किती आणि औषध किती हे अळीलाच माहीत. कापसाची प्रत ठरवणाऱ्यावर लोकांचा विश्वास नव्हता, दुकानदारावर नव्हता, सख्ख्या भावानं चांगलं बियाणं सांगितलं तरी याला यात काय मिळतं असं वाटायचं. अशा हवेत माझ्यासारख्याचं फावतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेवटच्या वेचणीचा कापूस ओट्यांवर, बैलगाड्यांत, बाजाराच्या उघड्या आवारात पडलेला असायचा. थोडा जरी भिजला तरी पिवळा पडतो आणि मग त्याला कुणी विचारत नाही. माझ्या लक्षात आलं, भाऊजींची पावसाची ओळ आली की व्यापारी लगेच भाव पाडतात. "पाऊस येऊन राह्यला, आजच टाकून जा," म्हणतात आणि लोक घाबरून मिळेल त्या भावात टाकतात. मग या ओळीचा फायदा कुणाला? मी भाऊजींवर पाळत ठेवली. महागावहून पहाटे निघालेली एसटी दहाच्या सुमारास आमच्या स्टँडवर यायची. दर शुक्रवारी भाऊजी हातातलं काम सोडून तिथं हजर. ड्रायव्हरच्या खिडकीशी दोन मिनिटं कुजबुज, मग ड्रायव्हर घडी घातलेली चिठ्ठी द्यायचा. भाऊजी ती वाचून खिशात घालायचे, उगाच गाडीच्या नाकावरून हात फिरवायचे आणि अर्ध्या तासात फळ्यावर ओळ उमटायची. चार पावलांवर एका अडत्याचा माणूस पान चघळत उभा असायचा. ओळीनं तीन शुक्रवार मी हेच पाहिलं आणि दोन अधिक दोन केले.

सरळ विचारायला हवं होतं. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे, आणि मी गेलो की ताईच्या आधी तेच चहाचं आधण ठेवायचे. पण विचारलं तर सावध होतील, पुरावा जाईल, असं मला वाटलं. त्या संक्रांतीला ताईच्या अंगावर नवी साडी दिसली होती, तीही मला खटकून गेली होती... आज हे लिहितानाही लाज वाटते. मी जिल्ह्याला अर्ज लिहिला. सदर कारकून अधिकृत अंदाजात मनाच्या ओळी घालतो, त्याचे व्यापाऱ्यांशी संधान आहे, चौकशी व्हावी. खाली 'एक जागरूक नागरिक'. अक्षर बदललं होतं, आणि पाकीट टाकायला मुद्दाम दुसऱ्या गावी गेलो होतो. महिन्याभरात एक साहेब आले, त्यांनी भाऊजींचा जबाब घेतला. संधानबिंधान काही निघालं नाही, पण ताकीद मिळाली की वरून आलेला मजकूर तेवढा लिहायचा, त्यात शब्द घालायचा नाही. त्यानंतरच्या शुक्रवारी भाऊजी स्टँडवर जाऊन आले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'विदर्भात तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता.' खाली काही नाही. खडू हातात घेऊन ते बराच वेळ तसेच उभे होते. मी शाळेच्या फाटकातून बघत होतो आणि मनात म्हणालो, सापडला बरोबर.

शनिवारी दुपारून वारा सुटला. गार वारा, स्वेटर शोधायला लावणारा. संध्याकाळपासून भुरभुर सुरू झाली ती रविवारभर. झोडपणारा पाऊस नव्हे, छत्री उघडावी की नाही असं वाटायला लावणारा. एरवी कुणी त्याला पाऊसही म्हटलं नसतं. पण सोमवारच्या खरेदीसाठी आलेला कापूस बाजारात उघड्यावर होता, आणि जवळजवळ कुणीही तो झाकला नव्हता. रविवारी सकाळी भाऊजी मला हाक मारून सोबत घेऊन गेले. तांड्यावरची शेवंताबाई आपल्या ढिगाशेजारी बसली होती. मुठीत कापूस घ्यायची, पिळायची, परत ढिगावर ठेवायची. भाऊजींना पाहून ती चिडली नाही. म्हणाली, "सायेब, खालती ओळ नव्हती ना. मले वाचता नाही येत, पण ओळ हाय का नाही थे तं दिसते. म्या म्हनलं, कोरडं हाय." बाजारातल्या सगळ्यांनीच तसं धरलं होतं. ओळ नाही म्हणजे पाऊस नाही. वर लिहिलेलं कुणी वाचलंच नव्हतं. भाऊजींनी ताकिदीचं नाव काढलं नाही. तांड्याच्या बोलीत आईला म्हणतात तसं तिला याडी म्हणाले, "चुकलं याडी," आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारून तिचा कापूस शेडखाली ओढायला लागले. मीही लागलो. दुपारपर्यंत आम्ही कुणाकुणाचा कापूस ओढला ते आठवत नाही. खालचा वाचला, वरचा गेला. शेवंताबाईचा अर्ध्याच्या वर गेला.

परत येताना मी विचारलं, "तुम्हाला पाऊस येणार हे माहीत होतं?" म्हणाले, "हो. ज्यानं विचारलं त्याला सांगितलंही. पण फळ्यावर खाली कोरं दिसल्यावर विचारतं कोण?" "पण तुम्हाला कळतं कसं?" त्यांनी खिशातून शुक्रवारची चिठ्ठी काढून माझ्या हातावर ठेवली. ड्रायव्हरच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'महागाव सोडलं तवा वारा. आर्णीपाशी भुरभुर, काच पुसा लागली. गार हाय.' भाऊजी म्हणाले, "तिकडचं हवामान एका दिवसानं इकडे येतं. गाडीच्या नाकावर चिखलाचे शिंतोडे असले की समजायचं." मी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. दुसऱ्या बाजूला काही नव्हतं. ते पाहून भाऊजी म्हणाले, "विचारलं असतंस तर आधीच दाखवली असती, इन्स्पेक्टर."

हे एक वाक्य मी वर्षानुवर्षं चघळलं. साधी थट्टा होती, की अर्ज तू केलास हे मला ठाऊक आहे असं त्यांना सुचवायचं होतं? मी दर भाऊबीजेला जायचो, ताई ओवाळायची, भाऊजी समोर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत असायचे, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर शोधायचो. कबूल करायचं ठरवून दोनदा घरून निघालो होतो. वाटेत वाटायचं, माहीत नसेल तर उगाच कशाला कळवा? आणि माहीत असेल तर हा माणूस इतकी वर्षं गप्प का, याच्या मनात आहे तरी काय? म्हणजे अपराध माझा आणि संशय पुन्हा त्यांच्यावरच. फळ्यावर त्यांनी परत कधी आपली ओळ लिहिली नाही. निवृत्त होईपर्यंत शुक्रवारी सकाळी लोकच स्टँडवर यायचे, आणि ते एकेकाला तोंडी सांगायचे.

गेल्या रविवारी ताईकडे गेलो होतो. ती मला भाऊजींच्या खोलीत घेऊन गेली, टेबलाचा खालचा खण ओढून तिनं दोन कागद काढले. म्हणाली, "हे तुझ्यापाशी ठेव. माझ्यामागं पोरांच्या हाती लागायला नको." एक माझ्या अर्जाची झेरॉक्स. दुसरी भाऊजींच्या जबाबाची नक्कल. त्यात एक वाक्य होतं, 'अर्जावरील अक्षर माझ्या अगर माझ्या घरातील कोणाच्याही ओळखीचे नाही.' खाली पूर्ण नावाची सही. मी सुटल्यासारखा श्वास घेतला, तर ताई म्हणाली, "डाव्या हातानं लिहिला ना रे तू तो?"

माझा डावा हात आपोआप खिशात गेला.

"तू डावराच होता लहानपणी. बाबांनी मारूनमुटकून हात बदलवला तुझा. त्याच्याआधी पाटीवर तुले मीच गिरवायला शिकवलं. जबाब द्यायच्या आधी यांनी झेरॉक्स घरी आणली, मी एक नजर टाकली अन् सांगितलं, हा आपला विनू आहे."

"मग त्यांनी असं काहून लिहून दिलं?"

"मी तर भांडली त्यांच्याशी. म्हटलं, नोकरीवर आलं आहे, नाव देऊन मोकळे व्हा." ताईनं खण आत लोटला. "तर म्हणे, नाव दिलं तर तुझं माहेर जाईल."

आईबाबा तेव्हा राहिले नव्हते. ताईचं माहेर म्हणजे मी एकटा. एरवी मला लगेच वाटलं असतं, ही माझं मन राखायला रचून सांगते आहे. मी तारखा ताडून पाहिल्या असत्या, सही उजेडात धरली असती. त्या दिवशी काही तपासलं नाही. भाऊजींच्या खुर्चीत बसलो आणि बहिणीदेखत रडलो.