तिसरा गडी

तात्या गेल्याची बातमी मला कर्जतला मिळाली ती शोकसभेच्या छापील पत्रकातूनच. त्यावर वक्त्याचे नाव तात्यांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होते. तेव्हा आलेली किळस अजून गेलेली नाही...

तात्या माथेरानच्या एका हॉटेलात कारकून, माझे शाळेपासूनचे मित्र. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन क्रांतिकारकाचे राजकीय लेख त्यांच्या हाती पडले आणि त्यांनी हातरिक्षात बसणे सोडले. दम्याचा विकार असूनही चालत. दुपारी भाडे नसले की रिक्षावाल्यांना ते लेख मराठीत सांगत.

एकदा कोंडू रिक्षावाल्याने माझ्यासमोर त्यांना अडवले. "तुमी बसत नाय, तुमचं बघून हे मास्तरबी बसत नाय," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला. " मंग आमी काय पुस्तक खायाचं?"

"अरे, पण माणसानं माणसाला ओढायचं..."

"ते आमचं आमी बघू. तुमी रिक्षाच्या मालकाला चढावावर तिसरा गडी द्याया सांगा. दोघांत छाती फुटते."

तात्या धाप लागेपर्यंत हसले. "कामगारांची सुटका कामगारांनीच करायची, हेच त्यानं लिहिलंय रं! मी वाचून विसरलो."

मालकाने तिसरा गडी दिला नाही. मग चढावावर तात्या स्वतः रिक्षा मागून रेटू लागले. कामगारांच्या पुढाऱ्याला त्यांनी हे सांगितले, तर तो म्हणाला, "किरकोळ बाब आहे. क्रांतीनंतर पाहू." हाच पुढारी पावसाळ्याआधी व्याख्यानाला आला. त्याची रिक्षा ओढायला कोंडू आणि त्याचा भाऊ, मागे धापा टाकणारे तात्या. "तात्या, जपून हं," गादीवरून तो म्हणाला. उतरला मात्र नाही. मी बाजूने चालत होतो. तात्यांची आणि माझी ती शेवटची भेट.

शोकसभेत वक्ता हाच पुढारी. तो म्हणाला, तात्यांनी हजारो कामगार जागे केले. खोटे आहे. मी पाहिले आहे, ऐकायला सात-आठ जण असत. ते सगळे त्या वेळी दाराबाहेर उभे होते. त्यांना कोणी आत बोलावले नाही.

सभा संपल्यावर पुढारी रिक्षात बसला. कोंडू हाताची घडी घालून उभाच.

"चल रे."

"तिसरा गडी नाय, साहेब."

"मग बोलाव त्याला."

"कुठून बोलावू? आत्ता त्याचीच सभा केलीत."

पुढारी खाली उतरला आणि चालू लागला. कोंडूने रिकामी रिक्षा वळवली. हात सोलवटू नयेत म्हणून तात्यांनी मागच्या दांडीला गुंडाळलेला पंचा अजून तसाच होता, घामाने पिवळा पडलेला.