अळणी सूप

मुंबईच्या हॉटेलांत फ्रेंच स्वयंपाक शिकून आलेल्या किन्हवलीच्या एका माणसाने शहापुरात घराच्या पडवीतच छोटंसं फ्रेंच रेस्टॉरंट काढलं आहे. आम्ही मित्र शनिवारी तिथे जेवायला जातो. पदार्थ ठेवला की तो हलत नाही. खांद्यावर फडकं टाकून आमचा पहिला घास होईपर्यंत उभा राहतो.

"जमलाय ना, भाऊ?"

"झकास!" मी घास गिळायच्या आत म्हणतो. दुसऱ्याकडे जेवताना नावं ठेवायची नाहीत, हे आमच्या घरचं वळण. तो कौतुकासाठी थांबतो, अशी माझी समजूत होती.

गेल्या शनिवारी कांद्याचं सूप आलं. मी "झकास" म्हणालो आणि माझ्या मुरबाडच्या मित्राने चमचा खाली ठेवला. "अरे, यात मीठच नाय!"

मालक माझ्याकडे बघत राहिला. रागावला नाही. "भाऊ, तापात माजी चव गेली ती परत आलीच नाय. तुमी सांगता त्यावर मी रांधतो."

त्याला मी एकदाही खरी चव सांगितली नव्हती.

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब तेच सूप मुकाट पीत होतं. तो तिकडे वळला. "ताई, सूप कसं झालंय?"

"छान झालंय हो!" ताई हसून म्हणाल्या. नवऱ्यानेही मान डोलावली.

त्याने वळून माझ्या मित्राकडे पाहिलं. मित्राने नकारार्थी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता त्याने दोन्ही टेबलांवरचे वाडगे उचलायला सुरुवात केली.