बंदराला एक घास

दादाच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही चिंचवड स्टेशनजवळच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो पिंपरीतल्या एका कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर होता. घरात तो, वहिनी आणि मी, एवढीच माणसं. मी पुण्याच्या एका दैनिकात बातमीदार होतो. आई कोकणात, जयगडच्या खाडीकाठच्या आमच्या गावी एकटी राहायची. एकोणीसशे सत्तरनंतरची पहिली काही वर्षं होती ती.

दादाच्या जठरात जुना व्रण होता. फिरत्या पाळ्या, उपाशीपोटी चहा आणि विडी यांवर त्याने तो बरीच वर्षं रेटला. एकदा पाळीतच त्याला रक्ताची उलटी झाली. पुण्याच्या इस्पितळात त्याच्या जठराचा अर्ध्याहून जास्त भाग काढून टाकला. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की थोडं थोडं, अनेकदा खायचं. नीट चावायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही, गोड जपून खायचं. आम्ही तिघांनी ते ऐकलं आणि पथ्य समजून पाळलं. पथ्य टाके निघेपर्यंत असतं, अशी आमच्याकडची समजूत. टाके निघाले, पथ्य संपलं.

त्यानंतर कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. ते सौम्य बोलायचे. म्हणाले, "शिमगा करून या. तेव्हा वजन बघू. असंच उतरत राहिलं तर मी मशीनवर सोडू शकणार नाही. हलकं काम लिहून देईन."

हलकं काम म्हणजे स्टोअरच्या खिडकीमागे स्टुलावर बसायचं आणि हातमोजे, चिंध्या, साबणाच्या वड्या वाटायच्या. कामावर असताना दादा जेवणाच्या सुट्टीत त्या खिडकीवरून रोज जायचा. घरी आल्यावर तो वहिनीला एवढंच म्हणाला, "त्या स्टुलावरून परत मशीनवर आलेला माणूस मी अजून पाहिला नाही." तेव्हा तो पस्तिशीच्या आत होता.

त्या दिवसापासून त्याला खाऊ घालणं हे सगळ्यांचं काम झालं. वहिनी भातावर तुपाची धार धरायची. चाळीतून दूध यायचं. खात्यातल्या लोकांनी आपसांत ठरवून कोणी डिंक आणला, कोणी खारीक, कोणी खोबरं, आणि एकाच्या घरी लाडू वळून घेतले. डबा घेऊन दादाचा मशीनवरचा सोबती आला. हा चिखलीचा, जुन्या मुसलमान घरातला. दोघांची मशीनं शेजारी शेजारी होती. डबा वहिनीच्या हातात देत तो म्हणाला, "वहिनी, ह्ये बाळंतिणीचं लाडू हायत. ह्याचं पोट फाडलंय म्हंजी ह्यो बाळंतीणच की."

दादा म्हणाला, "मग पोर कुठाय?"

"त्ये मशीनवर बसलंय. बदलीवाला आलाय तुझ्या जागी. लवकर ये राव, दोन ग्राइंडिंगची चाकं फोडली त्यानं."

दादा हसला, पण बदलीवाला कोण, कुठला, हे त्याने बारकाईने विचारून घेतलं.

त्याने लाडू खाल्ले. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, वर दूध. खाल्ल्यानंतर थोड्या वेळाने त्याला दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि तो भिंतीला टेकून आडवा व्हायचा. मग पोट बिघडायचं. याला आम्ही अशक्तपणा म्हणत होतो, आणि अशक्तपणावर आणखी एक लाडू. शर्टाच्या कॉलरमध्ये त्याची मान रोज थोडी बारीक दिसत होती.

शिमग्याला आईने बोलावलं होतं. तिने ग्रामदेवतेला नवस बोलला होता: मुलगा बरा झाला तर पालखी घरी येईल त्या दिवशी नैवेद्याचं पान तो एकटा संपवील, पानात काही टाकणार नाही. घाटातले एसटीचे हिसके पोटाला सोसणार नाहीत म्हणून आम्ही आगबोटीने जायचं ठरवलं. वहिनीला दिवस गेले होते. ती चिंचवडलाच राहिली. तिने लाडवांचा डबा, उकडलेली अंडी, भाकरी आणि सुकी मटकी बांधून दिली. चिखलीचा सोबती स्टेशनवर पोहोचवायला आला. गाडी हलताना म्हणाला, "दर्याची हवा लागली की भूक लागती म्हंत्यात. बोट खाऊन ये."

भाऊच्या धक्क्यावरून बोट सकाळी सुटली. आम्ही डेकवर, सावली बघून चटई टाकली. आजूबाजूला शिमग्याला निघालेले चाकरमानी, ट्रंका, पत्र्याचे डबे. बोट सुटताच सगळ्यांनी डबे उघडले. दादानेही दोन लाडू खाल्ले आणि बोटीवरच्या कँटीनचा गोड चहा घेतला. समुद्र अगदी शांत होता, मुंबईच्या इमारती अजून दिसत होत्या. थोड्याच वेळात त्याचा चेहरा पांढरा पडला. शर्ट पाठीला चिकटला. तो चटईवर लवंडला.

शेजारच्या बाईंनी लिंबू पुढे केलं. "बोट लागली त्यांना. पहिलीच वेळ का?"

पहिली वेळ नव्हती. लहानपणापासून आम्ही त्याच बोटीने ये-जा केली होती आणि त्याला कधीच बोट लागली नव्हती. तरीही मी लिंबू घेतलं आणि त्याच्या नाकाशी धरलं.

श्रीवर्धन आलं तेव्हा तो उठून बसला. बोट बंदरापासून दूर उभी राहिली. किनाऱ्यावरून होड्या आल्या. उतरणारी माणसं, बोचकी, कोंबड्यांच्या पाट्या हातोहात खाली गेल्या. बोट थांबली तेवढ्यात त्याने एक उकडलेलं अंडं खाल्लं, बारीक बारीक चावून. दुसरं खायला तो घाबरला. काही झालं नाही.

बाणकोटच्या पुढे वारा उठला. बोट डुलायला लागली आणि डेकवरची निम्मी माणसं कठड्याला गेली. लिंबू देणाऱ्या बाई स्वतः ओकत होत्या. दादा ताठ बसून होता. त्याने ते लिंबू माझ्या हातून घेऊन त्यांना परत दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "समुद्र शांत होता तेव्हा मी पडलो. आता बोट हलतेय तर मला काही नाही. मला बोट लागली नव्हती रे. लाडू लागले."

मी म्हटलं, "इतके दिवस तेच खातोयस."

"इतके दिवस तेच होतंय."

त्याने लाडवांचा डबा बंद करून ट्रंकेखाली सरकवला. हर्णै आलं तेव्हा त्याने अर्धी चतकोर भाकरी आणि मुठीएवढी मटकी खाल्ली. तिकडे होड्यांवर मासळीच्या पाट्या चढत होत्या. बोट हलली की तो खाणं थांबवायचा. पाणी त्यानंतर बऱ्याच वेळाने, दोन घोट. पुढच्या बंदरापर्यंत काही नाही. हे त्याने मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. बोट थांबली की हातात डबा धरता येई, एवढंच कारण होतं. डेकवर कोणी त्याला वाढत नव्हतं, घे घे म्हणत नव्हतं, ताटाकडे बघत नव्हतं. ऑपरेशननंतर तो पहिल्यांदाच आपल्या हाताने, आपल्या मापाने जेवत होता.

दुपारी कँटीनमधून माशाच्या कालवणाचा वास आला. दादा उठून गेला आणि काही वेळाने कागदावर तळलेल्या सुरमईचा एकच तुकडा घेऊन आला. "दाभोळला खाईन," म्हणाला. बराच वेळ तो तुकडा मांडीवर घेऊन बसला. दाभोळच्या खाडीचं तोंड दिसू लागलं तेव्हा त्याने काटे काढायला सुरुवात केली आणि बोट उभी राहिल्यावर तो तुकडा संपवला. मी त्याच्या कपाळाकडे बघत होतो. कपाळ कोरडं होतं. ऑपरेशन झाल्यापासून त्याला काही चवीने खाताना मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

जयगडला उजेड असतानाच उतरलो. धक्क्यावर आई उभी होती. तिने दादाचे दंड चाचपले आणि म्हणाली, "वाळून चिपाड झालायस. आता आठ दिवस माझ्या हातचं खा." रात्री दादा थोडंसंच जेवला. आईने त्याच्या ताटावरून माझ्याकडे पाहिलं. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि विचारलं, "मग देवाचं पान?"

पालखी आमच्या अंगणात आली त्या दिवशी सकाळी आईने केळीचं पान मांडलं. वरण-भात, काळ्या वाटाण्याची उसळ, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, तळण, आणि दोन पुरणपोळ्या. देवाला नैवेद्य दाखवून झाला. वाजंत्री पुढच्या घरी गेली. शेजारची चार माणसं मागे थांबली, कारण नवस गावाला माहीत होता. दादा पानावर बसला.

त्याने उसळीचे चार-पाच घास खाल्ले आणि हात थांबवला. पान उचलून त्याने माजघरातल्या पाटावर ठेवलं, वर टोपली पालथी घातली आणि आईला म्हणाला, "आई, मी पान टाकत नाही. पण मला दिवसभर लागेल. मी बंदराबंदराने जेवतो."

शेजारच्या एक काकू म्हणाल्या, "उष्टं पान झाकून ठेवायचं? असा कुठं नवस फिटतो?"

आई म्हणाली, "तुमच्याकडे कसा फिटतो ते तुमच्याकडे."

माणसं गेली. दादा ओटीवर बसला. काही वेळाने उठून भात आणि वरण, मूठभर. "हर्णै," मला म्हणाला. दुपारी भाजी, कोशिंबीर. तळणाचा तुकडा. आई त्या दिवशी कुठे गेली नाही. माजघराच्या उंबऱ्याशी ती बसून होती, टोपली ती उचलायची आणि तीच ठेवायची. प्रत्येक वेळी ती पान बघायची, मग त्याचं तोंड बघायची. संध्याकाळपर्यंत पानावर पोळ्या तेवढ्या राहिल्या.

त्याने पहिल्या पोळीचा एक तुकडा मोडला, खाल्ला. दुसरा खाल्ला. अर्धी पोळी झाली तेव्हा त्याच्या वरच्या ओठावर घाम दिसला. त्याने पुढचा तुकडा मोडला, तेव्हा आईने त्याचा हात धरला. चाळीत जे रोज व्हायचं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला आणि तो उशीशिवाय जमिनीवर आडवा झाला. तिने त्याच्या छातीवर तळवा ठेवला आणि ठोका जाणवताच उचलला.

तो थोडा सावरल्यावर म्हणाला, "दीडच राहिली. उद्या सकाळी."

आई म्हणाली, "नवस मी बोलले होते. तू कुठे बोलला होतास?" आणि पानासमोर बसून उरलेली दीड पोळी तिने स्वतः खाल्ली. सावकाश, तुपाशिवाय. मग पान गुंडाळून गाईला घातलं. त्या आठवड्यात तिने त्याला पुन्हा एकदाही घे म्हटलं नाही. लाडवांचा डबा शेजारच्या बाळंतिणीकडे गेला.

परत आल्यावर कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं. वजन वाढलेलं नव्हतं. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं तुम्हाला."

दादा म्हणाला, "साहेब, उतरलंही नाही. आधी दर आठवड्याला उतरत होतं."

डॉक्टरांनी काय खाता म्हणून विचारलं. त्याने सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि खुर्चीत मागे टेकले. "हे बरोबर आहे. हेच तुम्हाला इस्पितळात सांगितलं असणार. पण पाळीत एकच सुट्टी आहे. बाकी वेळेला खाणार कुठे?"

मशीनवर खायला बंदी होती. तेल, लोखंडाचा कीस, चालू चाक. मशीन सोडून जायचं तर ते थांबवावं लागे आणि काम मागे पडे. डॉक्टरांनी खात्याच्या सुपरवायझरला बोलावलं. सुपरवायझर म्हणाले, मशीन थांबणार नसेल तर माझी हरकत नाही, पण ते बघणार कोण. दादा खात्यात गेला आणि बोटीवरचं सगळं सांगून त्याने सोबत्याला विचारलं.

"मी बघतो की," सोबती म्हणाला. "हाताला लागून तर हाय तुझं मशीन. तू दाराबाहेर नळापाशी जा, खा आन् ये. तवर दोन्ही चाकं माझी. पर मला घड्याळ बघाया सांगू नको. तुझं ते बंदर आलं की हाक मार."

डॉक्टरांनी पहिल्या पाळीत काही दिवस चालवून बघा, असं लिहून दिलं. बिघडलं तर स्टूल.

पहिल्या दिवशी वहिनीने डबा भरला. एका डब्यात चार लहान वाट्या: अंडं, भाकरी-मटकी, घट्ट वरण-भात, भाजलेले चणे. तीन वाजता पाळी सुटायची. माझी त्या दिवशी सुट्टी होती. वहिनीला घरी थांबवेना म्हणून ती मला म्हणाली, "भावजी, तुम्ही गेटपर्यंत जाऊन या." भोंगा झाला. आधी सायकली बाहेर पडल्या, मग पायी चालणारे. दादा बराच मागे होता. तेलकट कपड्यांत, सोबत्याच्या शेजारून, नेहमीच्या चालीने चालत येत होता. त्याचं कपाळ मी आधी पाहिलं.

सोबती म्हणाला, "तुझ्या भावाची बोट बरी चालती. पर दाभोळला जरा येळ केला. मी दोन्हीकडं मान वळवून वळवून जत्रंतल्या पोरासारखा झालो."

"सुरमई होती का?" मी विचारलं.

"चणे," दादा म्हणाला आणि डबा माझ्या हातात दिला. मी तो हलवून पाहिला. आत रिकाम्या वाट्या वाजल्या.