वाळूच्या डब्यातली छत्री

माझे वडील माझ्याकडे राहायला आले ते पंधरा दिवसांसाठी. विश्रांतवाडीच्या घरात बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचा डावा हात मोडला होता. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहत होते आणि मी इकडे हडपसरला एकटी. प्लास्टरमधला हात घेऊन पोळ्या कशा लाटणार, या एका मुद्द्यावर ते कसेबसे तयार झाले. मी कपाटातला एक कप्पा त्यांच्यासाठी रिकामा करून ठेवला होता. त्यात त्यांनी माझं मन राखायला म्हणून चष्म्याचं घर ठेवलं. कपडे मात्र दाराशी ठेवलेल्या बॅगेतून निघत आणि धुऊन, घडी होऊन पुन्हा बॅगेतच जात.

कोणाचाही फोन आला आणि "कुठे आहात?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असे, "मुलीकडे. पंधरा दिवस." प्लास्टर निघालं, महिना उलटला, तरी उत्तरातले पंधरा दिवस काही संपेनात. मला ते कायमचे राहायला हवे होते. पण मी ते सरळ म्हणाले नाही, कारण सरळ विचारलं की ते सरळ नाही म्हणतील अशी मला भीती होती. ही सवय मला त्यांच्याकडूनच मिळाली आहे, आमच्या घरात मनातलं बोलायला आधी दहा वेळा घसा खाकरावा लागतो.

माझ्याकडचा टीव्ही इंटरनेटवर चालणारा. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या हातात रिमोट दिला आणि म्हटलं, "बाबा, यात हवे तेवढे सिनेमे आहेत. पाहिजे तो लावा."

त्यांनी बराच वेळ चित्रांच्या रांगा इकडून तिकडे सरकवल्या. मग विचारलं, "आज कुठला दाखवणार आहेत?"

"दाखवत कोणी नाही. आपण निवडायचा."

"सगळं आपणच करायचं तर ते पैसे कशाचे घेतात?" असं म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला आणि कालचं वर्तमानपत्र उघडलं.

खरी अडचण निवडीची नव्हती, हे मला महिना उलटल्यावर कळलं. बाबा खडकीच्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्याच खात्यातले एक काका विश्रांतवाडीत आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. दोघांच्याही स्लॅबवर एकेक छत्री, म्हणजे ती टीव्हीची डिश, आणि टीव्हीखाली एक स्वस्तातला काळा बॉक्स. दरमहा काही भरायचं नाही, फुकट येईल ते बघायचं. रोज दुपारी बारा वाजता एका वाहिनीवर जुना मराठी सिनेमा लागतो. तो दोघंही बघत, पण आपापल्या घरी, कारण काकांना पंखा पाचवर लागतो आणि बाबांना दोनवर. जाहिराती लागल्या की एकाने दुसऱ्याला फोन करायचा. नायकाची अक्कल, नायिकेच्या बापाची अक्कल आणि शेवटी एकमेकांची अक्कल काढून झाली की जाहिराती संपत. मग "चला" म्हणून फोन बंद. इतकी वर्षं एका खात्यात काढूनही दोघं एकमेकांना अहोजाहो करतात आणि त्याच अहोजाहोत वाटेल ते बोलतात.

मला वाटलं, एवढंच ना. मी तीच वाहिनी इंटरनेटवर शोधून लावून दिली. बाबा खूश होऊन बसले. पहिल्या जाहिरातींना काकांचा फोन आला तेव्हा आमच्या पडद्यावर अजून मारामारी चालू होती. इंटरनेटवरचं चित्र अर्धं मिनिट मागे होतं. काका म्हणाले, "पडला की नाय शेवटी विहिरीत?" आणि बाबांचा खलनायक अजून धडधाकट विहिरीच्या काठावर उभा होता. तीन दिवस हे असं चाललं. चौथ्या दिवशी बाबांनी फोनच उचलला नाही. मला म्हणाले, "माझ्या आधी ते हसतात. मग मी कशाला बघायचं?" त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा बॅगेची चेन लावून ठेवली.

रविवारी मी त्यांना रिक्षात घालून विश्रांतवाडीला नेलं. म्हटलं, तुमचा बॉक्स आणि छत्रीच इकडे आणू. काका पाना घेऊन स्लॅबवर चढलेच होते. बाबांनी त्यांना थांबवलं, खिशातून लाल ऑइलपेंटची छोटी डबी आणि ब्रश काढला आणि प्रत्येक जोडावर बारीक रेघ मारली. खूण केल्याशिवाय काही उघडायचं नाही, ही कारखान्याची शिस्त आमच्या घरात मिक्सरलाही लागू होती. छत्रीचा कल किती, त्याची एक रेघ मारली. ती वळलेली किती, हे त्यांनी भिंतीपासून मोजलं, एक वीत चार बोटं, आणि डायरीत लिहून घेतलं. नट सुटले, छत्री खाली आली. मी स्टँडकडे बोट दाखवून म्हटलं, "हाही घेऊ या."

"तो राहू दे," बाबा म्हणाले. "परत आलो की पुन्हा भोकं कोण पाडणार?"

मला वाईट वाटलं. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाना पुसत बसले. आम्ही छत्री मांडीवर घेऊन रिक्षाने परत आलो.

आमच्या सोसायटीत कठड्याबाहेर काही लावायला बंदी आहे. मी सेक्रेटरींना विचारायला गेले तर ते म्हणाले, "आपल्याकडे इंटरनेट नाही का?" मी म्हटलं, "आहे. पण त्याला उशीर होतो." ते म्हणाले, "उशीर आम्हालाही होतो, आम्ही छत्र्या लावत नाही." मग बाबांनी तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा मिळवला, त्यात पाइप उभा करून गच्च वाळू भरली आणि स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत, कठड्याच्या आत, त्यावर छत्री बसवली. कलाच्या लाल रेघा जुळवल्या. बाल्कनीच्या भिंतीपासून एक वीत चार बोटं मोजली. बोटंसुद्धा तीच.

मी हॉलमध्ये टीव्हीसमोर उभी होते. पडद्यावर सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसत होत्या. वरची भरलेली होती आणि खालची, जिच्यावर चित्र येणं-न येणं अवलंबून असतं, ती शून्यावर. मी ओरडून सांगितलं, "शून्य." बाबांनी पुन्हा वीत मोजली. शून्य. स्पीकरवर काका विश्रांतवाडीतून सूचना देत होते, "जरासं डावीकडं घ्या." बाबा विचारत, "तुम्हाला इथून डावं कुठलं ते दिसतंय का?" दीड तास मी शून्य हा एकच शब्द बोलत होते. वाजले साडेअकरा. बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि त्यांनी निकाल दिला, "तुमची बिल्डिंगच वाकडी आहे."

मी भाजी टाकायला स्वयंपाकघरात गेले. खिडकीतून खाली गावठाण दिसतं, पत्र्याची आणि स्लॅबची जुनी घरं. बऱ्याच घरांवर छत्र्या होत्या आणि इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. सगळ्यांची आमच्याकडे पाठ होती. एकजात सगळ्या एकाच बाजूला बघत होत्या. आमची एकटी शेजारच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्याकडे टक लावून होती.

"बाबा," मी म्हटलं, "त्यांची घरं वाकडी आहेत की आपलं?"

ते कठड्याशी आले, खाली बघत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "भिंत बदलली." विश्रांतवाडीच्या भिंतीपासूनचं माप त्यांनी हडपसरच्या भिंतीला लावलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं, म्हणून मी हसू दाबलं. ते मात्र मनापासून हसले. मी त्यांना कित्येक महिन्यांत असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी खालच्या छत्र्यांकडे बघत आपली छत्री हळूहळू वळवली. मी हॉलमधून ओरडत होते, "शून्य. शून्य. बारा. चाळीस. बाबा, हात काढा, साठ." बाराला पाच मिनिटं कमी असताना चित्र आलं. पहिल्या जाहिरातींना फोन वाजला आणि दोघंही एकाच वेळी बोलायला लागले.

त्यानंतर घरात दुपारी हसण्याचा आवाज यायला लागला. मी घरून काम करते त्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्येही तो ऐकू जाई. पण बॅग दाराशीच होती. आणि वाऱ्याने डबा जरा हलला की चित्र जायचं. बाबा पुन्हा गावठाणाकडे बघून छत्री वळवायचे. असे दोन महिने गेले. एका संध्याकाळी चौथ्यांदा छत्री सरळ करून ते आत आले आणि म्हणाले, "हे असं तात्पुरतं चालायचं नाही."

मी कणीक मळत होते. मला वाटलं, आता निघणार. मग मला स्वतःचाच राग आला आणि कणकेच्या हातांनीच मी म्हटलं, "बाबा, जाऊ नका. मला तुम्ही इथे हवे आहात."

त्यांनी घसा खाकरला. माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "पाणी जास्त झालंय." आणि आत जाऊन बसले. मी त्या कणकेच्या पोळ्या केल्या, त्या खरंच चिकटल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जाहिरातींना त्यांनी स्वतः फोन लावला. मी लॅपटॉपसमोर बसून ऐकत होते. "अहो, गच्चीवरचा माझा स्टँड काढून घेऊन या," ते म्हणाले. "आणि भोकं सिमेंटने बुजवून टाका. नीट बुजवा, नाहीतर पाणी मुरेल." पलीकडून काका काहीतरी बोलले. "हो, कायमचंच," बाबा म्हणाले. मग जाहिराती संपल्या.

काका दोन बस बदलून आले. स्टँड वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता आणि त्यावर बाबांच्या लाल रेघा तशाच होत्या. दोघांनी मिळून तो बाल्कनीत कठड्याच्या आत पक्का बसवला, भांडत, दर नटाला दोन मतं. बाराला जेवणाची ताटं घेऊन सोफ्यावर शेजारी शेजारी बसले. पंखा साडेतीनवर ठेवायचा प्रयत्न झाला, पण त्यावर साडेतीन नव्हतं. मग तीनवर तडजोड झाली.

पहिल्या जाहिराती लागल्या. इतक्या जवळ बसून काय बोलायचं ते दोघांना सुचेना. बाबांचा हात सवयीने फोनकडे गेला, बोटाने नंबर दाबला आणि काकांच्या खिशात फोन वाजला. काकांनी तो काढला, कोणाचा आहे ते बघितलं आणि शांतपणे कानाला लावला.

"बोला. कुठं हाय तुम्ही?"

"घरी," बाबा म्हणाले.