जिन्यावर अडकलेला पलंग

आमच्या नाटक कंपनीत टाळ्या न आवडणारा एकच माणूस होता, तो म्हणजे मिस्त्री. टाळ्या पडल्या की भिंती हलतात, असं तो म्हणायचा. त्याच्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं रंगवलेलं कापड. तीस वर्षं त्याने आमच्यासाठी राजवाडे, कचेऱ्या, दवाखाने उभे केले आणि प्रयोग संपला की वीस मिनिटांत सगळं दुमडून ट्रकमध्ये भरलं. मी बहुतेक नाटकांत राणी, म्हणून तो मला अजूनही राणीसरकार म्हणतो. त्याला नाव आहे, पण ते फक्त बँकेत चालतं.

कंपनी बंद पडल्यावर दोन वर्षं तो घरी बसला. बसला म्हणजे काय, घरातलं प्रत्येक दार, प्रत्येक खुर्ची त्याने उकलून पुन्हा जोडली. शेवटी त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मला म्हणाल्या, "बाई, या घरात खिळा मारायला आता फक्त माझं डोकं शिल्लक आहे. यांना कुठेतरी लावून द्या."

सहासष्टाव्या वर्षी त्याला फर्निचरच्या दुकानात काम मिळालं. घरोघर जाऊन मापं घ्यायची, वस्तू बसवून द्यायच्या. मालक त्याच्या मुलापेक्षाही लहान, पण बोलायला नीट. "मिस्त्री, तीन महिने बघू," तो म्हणाला. "एखादी वस्तू बसली नाही म्हणून परत आली, तर मात्र तुम्ही तुमच्या घरी सुखी, मी माझ्या."

दुकानाचं एक अॅप होतं. मोबाईलचा कॅमेरा खोलीवर धरायचा, की पडद्यावर त्या खऱ्या खोलीत खोटं कपाट उभं राहायचं. बोटाने सरकवा, फिरवा, रंग बदला. खोलीची लांबी-रुंदीही तेच सांगायचं. मला यात नवल वाटलं नाही. माझी नात मोबाईलमध्ये चेहरा बघून चष्म्याची फ्रेम ठरवते, आणि शेजारच्यांनी भिंतीचा रंग डबा उघडण्याआधीच भिंतीवर पाहिला. मिस्त्री मात्र पहिल्या दिवशी कपाटाला बगल देऊन चालला आणि गिऱ्हाईक हसलं, हे त्यानेच मला सांगितलं.

"मापाची टेप घरी ठेवा," मालकाने बजावलं होतं. "गिऱ्हाईकासमोर टेप काढली की वाटतं, आपलाच आपल्या अॅपवर भरवसा नाही."

टेप घरी राहिली. मिस्त्रीचा हात दिवसभर रिकाम्या खिशाकडे जायचा.

तिसरा महिना संपायला आठ दिवस असताना एका शिक्षिकेचं काम आलं. तिच्या वडिलांच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांना घरी आणायचं होतं. त्यांच्यासाठी उंच पलंग हवा, खाली दोन खण, डोक्याशी धरून उठायला भक्कम फळी. "आणि काका, जोड नको," ती म्हणाली. "जुना पलंग इतका करकरतो की बाबा कूस बदलायला घाबरतात. एकसंध करा."

मिस्त्रीने मोबाईल धरला. पलंग खिडकीखाली असा चपखल बसला की शिक्षिकेचे डोळे भरून आले. मिस्त्रीने कागदावर लिहिलं, एकसंध.

ज्या दिवशी पलंग पोहोचला, त्याच दिवशी चार वाजता वडील येणार होते. अकराला ट्रक आला. पावणेबाराला माझा फोन वाजला.

"राणीसरकार, आपल्या कंपनीची बिजागऱ्यांची पेटी तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे. काय झालं?"

"पलंग जिन्यावर अडकलाय."

मी पेटी घेऊन रिक्षाने गेले. घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, मध्ये काटकोनात वळण. त्या वळणात पलंग घशात अडकलेल्या हाडासारखा बसला होता. वर जाईना, खाली येईना. दोन हमाल वरच्या बाजूला आणि मिस्त्री खाली, पाठ भिंतीला टेकलेली. खोलीच्या खिडकीला लोखंडी गज, तिथूनही वाट नाही.

"किती आडवं केलं?" मी विचारलं.

"उभं, आडवं, तिरकं, सगळं झालं," वरचा हमाल म्हणाला. "आता फक्त जिना काढायचा राहिलाय."

कसाबसा पलंग खाली अंगणात आला. मिस्त्री त्याच्या काठावर बसला. त्याचा हात पुन्हा रिकाम्या खिशाकडे गेला. तीस वर्षांत मी त्याला असं काम सोडून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, भर प्रयोगात माझा अख्खा महाल पुढे कलला होता तेव्हासुद्धा.

"जिना मोजलाच नाही मी," तो म्हणाला. "डोक्यातच आलं नाही. आपल्या रंगमंचाला चौथी भिंत कुठे होती? सिंहासन असो नाहीतर झोपाळा, समोरून आणला, ठेवला, पडदा उघडला. वस्तू दारातून यावी लागते, हे मला कधी मोजावंच लागलं नाही. आणि तो मोबाईलही तसलाच. पलंग आत उभा दाखवतो, आला कुठून ते विचारतच नाही."

"मग दुकानाला कळव."

"कळवलं की परत न्या म्हणतील. परत गेला, म्हणजे उद्यापासून मी पुन्हा घरातली दारं उकलायला मोकळा." त्याने वर खिडकीकडे बघितलं. "आणि म्हातारा झोपणार कुठे?"

शिक्षिका खाली आली होती. हातात फोन, नजर घड्याळावर. मिस्त्री उभा राहिला.

"ताई, चूक माझी आहे. जिना मोजला नाही. आता दोनच रस्ते आहेत. एक तर हा परत नेतो, किंवा दोन खणांच्या मधोमध कापतो, वर नेतो आणि जोडतो."

"काका, मी जोड नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत."

"करकरेल ना?"

मिस्त्रीने माझ्याकडे हात केला. "या बाई तीस वर्षं माझ्या जोडांवर उभ्या राहून बोलल्या. करकरले असते, तर शेवटच्या रांगेत यांचं एक वाक्य गेलं नसतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. आणि पेटी उघडून बिजागऱ्या मोजायला लागले.

"कापा," ती म्हणाली आणि लगेच वर निघून गेली. नव्या लाकडावर करवत पडताना तिला बघवणार नव्हतं.

पहिला ओरखडा ओढायला मिस्त्रीला पाच मिनिटं लागली. पेन्सिलीने रेघ मारायचा, पुसायचा, पुन्हा मारायचा. मग करवत चालली, ती शेवटपर्यंत रेघेवरून हलली नाही. दोन्ही अर्धे तुकडे त्या वळणातून आरामात गेले. वर त्याने आमच्या जुन्या बिजागऱ्या बसवल्या, ज्यांची खीळ वरून उपसली की भिंत मोकळी व्हायची. यावेळी खिळी ठोकून घट्ट केल्या. जोडाखाली जास्तीचे दोन पाय दिले. तीन वाजून पन्नास मिनिटांनी तो पलंगावर स्वतः आडवा झाला आणि चार वेळा कूस बदलली. आम्ही सगळे कान देऊन ऐकत होतो. आवाज आला नाही.

म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून हमालांनीच वर आणलं. ते पलंगावर टेकले, काठावरून हात फिरवला आणि तो मधोमध थांबला.

"इथे जोड आहे का हो?"

शिक्षिकेने खाली बघितलं. मिस्त्री म्हणाला, "आहे."

"माझ्याही मांडीत आहे," म्हातारे म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, टिकेल. बघू दोघांचं काय होतं ते."

खाली उतरताना शिक्षिका हळूच म्हणाली, "काका, दुकानात मी काही बोलणार नाही."

पण आमच्या कंपनीत एक रीत होती. ज्याची चूक, त्याने ती पडदा पडायच्या आत सांगायची, दुसऱ्याच्या तोंडून कळू द्यायची नाही. मिस्त्रीने अंगणात उभं राहून मालकाला फोन लावला आणि सगळं सांगितलं, करवतीसकट. फोन त्याने मोठ्या आवाजावर ठेवला होता. मी त्याचा कोपर धरून उभी होते.

"जिना मोजायची सोय अॅपमध्ये नाहीच," मालक म्हणाला.

"नाही. पण माझ्या डोक्यात असायला हवी होती."

मग, "उद्या दुकानात या, बोलू." आणि फोन ठेवता ठेवता, "येताना टेप आणा."

त्या तीन शब्दांचा अर्थ लावत मिस्त्रीने रात्र काढली, असं वहिनी सांगतात. नोकरी राहिली. काळजीही राहिली. परवा माझ्याकडे चपलांचं कपाट बसवायचं होतं, म्हणून तो माप घ्यायला आला. बेल वाजली, मी दार उघडलं, तर आत येईना. दोन्ही हात कपाटाच्या रुंदीइतके पसरून तो उंबऱ्याबाहेर उभा, कपाळावर घाम. तसाच, हात न मिटता, आधी सरळ, मग तिरका होऊन आत आला, पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आत आला.

"मिस्त्री, हातभर तर कपाट आहे," मी म्हटलं.

"असू दे," तो म्हणाला आणि तिसऱ्यांदा बाहेर गेला.